मोठ्याने आणि मनात

आमच्या घरात प्रार्थनेचे दोन पक्ष होते. आई मोठ्याने प्रार्थना करी, वडील मनात. वसईच्या पश्चिम पट्टीत आमची केळीची वाडी, थोडी फुलझाडे, एक विहीर आणि दोन गाई. संध्याकाळी ओटीवरच्या तसबिरीपुढे सारे घर गुडघे टेकून रोझरी म्हणे, तेवढ्यापुरते दोन्ही पक्षांचे एकमत असे. रोझरी संपली की वाटा फुटत. आई शनिवारी गावच्या प्रार्थनागटात जाई. तिथे गिटार, खंजिरी, टाळ्या, वर उचललेले हात, आणि मधूनच कोणाच्या तरी तोंडून उमटणारे, कोणत्याच भाषेत न बसणारे शब्द. वडील पहाटेच्या मिस्साला जात, शेवटच्या बाकावर बसत आणि मिस्सा संपून लोक पांगले तरी तसेच बसून राहत. "काय करता हो इतका वेळ?" असे आईने विचारले की म्हणत, "काही नाही. बसतो." या उत्तराचा आईला फार राग येई. तिचे म्हणणे असे, की काही नाहीच करायचे तर ते घरी येऊन करावे. निदान गाई तरी वेळेवर सुटतील!

हे मी हिंदू मित्रांना सांगतो तेव्हा ते हसतात, कारण त्यांच्याही घरांत हेच दोन पक्ष असतात. एक काका भजनी मंडळातले, तर दुसरे पहाटे पाटावर डोळे मिटून बसणारे. मराठी माणसाला हे नवे नाही. नाथपंथाची योगपरंपरा लाभलेले ज्ञानदेव आणि कीर्तनाच्या रंगात नाचणारे नामदेव हे दोघे बरोबर तीर्थयात्रेला निघाल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वाटेत त्यांचे प्रार्थनेवरून भांडण झाल्याचे मात्र कोणी सांगितलेले नाही.

आईचा गट ज्या चळवळीतला होता तिला कॅरिझमॅटिक चळवळ म्हणतात. १९६७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातले काही विद्यार्थी आणि शिक्षक दोन-तीन दिवस प्रार्थनेसाठी एकत्र राहिले, आणि तिथे त्यांना जो अनुभव आला त्याची तुलना त्यांनी थेट पेंटेकॉस्टच्या दिवसाशी केली. त्या दिवशी, बायबल सांगते, सोसाट्याच्या वाऱ्यासारखा आवाज होऊन सारे घर भरून गेले आणि शिष्य निरनिराळ्या भाषांत बोलू लागले. ते अमेरिकेतले वारे सत्तरीच्या दशकाच्या आरंभी मुंबईला येऊन पोहोचले, आणि नव्वदच्या सुमारास तर केरळातल्या मुरिंगूरच्या साधनाकेंद्राकडे माणसांची रीघ लागली. आमच्या गावातूनही लोक जात. येताना केळ्याचे वेफर आणि साक्षी घेऊन येत.

वडिलांच्या पक्षाला चळवळ वगैरे नव्हती. पण त्याला घराणे फार जुने होते. वाळवंटातले तपस्वी, कार्मेलचे व्रतस्थ, आणि आपल्याकडे अगदी अलीकडे अँथनी डिमेलो. मुंबईत १९३१ साली जन्मलेला हा येशूसंघीय पुण्याला आणि मग लोणावळ्याला माणसांना नुसते बसायला शिकवी. श्वास ऐका, कानावर पडतील ते आवाज ऐका, शब्द बाजूला ठेवा.

घरातल्या या दोन पक्षांची मला मौज वाटे. १९९३ साली मात्र त्यांचा तंटा माझ्यापर्यंत येऊन ठेपला.

त्या वर्षी मी बावीस वर्षांचा होतो. बी. एस्सी. होऊन एका औषधांच्या कारखान्यात लागलो होतो. आणि धर्मगुरू व्हावे असे मनात घोळत होते. आम्ही याला पाचारण म्हणतो, म्हणजे देवाचे बोलावणे. शब्द मोठा सुंदर आहे. पण ज्याच्यावर तो प्रसंग येतो त्याची पंचाईत अशी, की बोलावणे आले की नाही हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. लग्न नाही, घर नाही, स्वतःचा पैसा नाही, आणि संस्था पाठवील तिथे जायचे. एवढ्या मोठ्या गोष्टीला "बहुधा बोलावले असावे" एवढा आधार पुरत नाही.

आईबरोबर गटात गेलो की मला शंका उरत नसे. चाळीस माणसे एका सुरात स्तुती करीत आहेत, छाती भरून येते, डोळ्यांतून पाणी वाहते, आणि आतून स्पष्ट जाणवते की हेच, उद्याच निघावे. मग दुसऱ्या दिवशी पहाटे वडिलांच्या शेजारी शेवटच्या बाकावर बसावे तर काहीच नाही. डास, पंख्याची कुरकुर, आणि एक थंड विचार, की कारखान्यातली पाळी चुकवायला तर आपण निघालो नाही ना?

दोघांपैकी कोणाची साक्ष खरी मानायची? एका वडीलधाऱ्या धर्मगुरूंना विचारले. ते म्हणाले, टाळ्यांत घेतलेला निर्णय टाळ्या थांबेपर्यंत टिकतो. गटातल्या एका बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, मौनात माणसाला स्वतःचाच आवाज ऐकू येतो आणि तो त्याला देवाचा वाटतो. दोन्ही उत्तरे मला पटली, हीच तर अडचण होती. ज्या संस्थेत मी जाणार होतो तिथून पत्र आले होते, की होय की नाही ते नाताळापर्यंत कळवावे.

आणि ३० सप्टेंबरला किल्लारी झाली. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातले हे गाव तोवर आमच्या बाजूला कोणाला ठाऊक नव्हते. अनंत चतुर्दशीची रात्र. गणपती बोळवून दमलेली माणसे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. जाड दगडी भिंती, दगडांच्या मध्ये नुसती माती, आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंड राहणारी ती घरे झोपलेल्या माणसांवर बसली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावे भुईसपाट झाली, दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. दख्खनचे पठार म्हणजे पक्का पाया, असे आम्ही शाळेत शिकलो होतो.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या भागातून कपडे, भांडी आणि तांदूळ घेऊन ट्रक निघाला, त्यात मी बसलो. तीन आठवड्यांची रजा काढली होती. ती पुढे बिनपगारी झाली आणि मी अडीच महिने राहिलो. माझे काम साधे होते. पत्र्याच्या शेडच्या आमच्या रांगेला पाण्याचा टँकर आला की रांग लावायची आणि धान्य, घोंगड्या, रॉकेल यांची वही ठेवायची. आमच्याबरोबर दोन धर्मभगिनी होत्या. त्यांतल्या थोरल्या केरळच्या, परिचारिका. मराठी तोडकेमोडके, पण आवाज असा की टँकरपाशी तो पुरे.

आता ज्यासाठी हे सारे सांगतो आहे ते सांगतो. किल्लारीत माझ्या दोन्ही प्रार्थना मोडल्या.

आमच्या ट्रकमधून गटातली चार मुले आली होती. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी त्यांनी तंबूत गिटार काढली आणि स्तुती सुरू केली. मी बाहेर रॉकेलचा हिशेब करीत होतो. टाळ्यांनी आणि पायांच्या ठेक्याने रंग भरला, तोच शेजारच्या शेडमधून एक माणूस लेकराला काखेत मारून धावत बाहेर आला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. बघता बघता सारी रांग उघड्यावर उभी राहिली. भूकंपानंतरचे धक्के अजून चालू होते आणि या लोकांना जमिनीतून आधी येणारी घरघर ओळखीची झाली होती. ठेक्याचा धमधम आवाज त्यांना तसा ऐकू आला. मुलांनी गिटार गुंडाळून ठेवली. त्यांचा काय दोष? त्यांनी ती आपुलकीनेच काढली होती.

मग वाटले, इथे मौनच बरे. पण किल्लारीतले मौन वसईच्या चर्चमधले नव्हते. रात्री नऊनंतर सगळे शांत झाले की त्या शांततेत कोणी विसावत नसे. सगळे ऐकत पडलेले असत. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरातही धक्के बसले होते, लोक काही दिवस घराबाहेर निजले होते आणि मग कंटाळून आत गेले होते. आता कोणी कानाला विश्रांती देईना. मी डोळे मिटून बसलो की माझाही कान जमिनीकडेच लागे. श्वास ऐका, असे डिमेलो सांगतात. मला पत्रा ऐकू येई.

एका रात्री बायबलातला एलीयाचा उतारा काढला. हा संदेष्टा जीव घेऊन पळतो आणि होरेब डोंगरावरच्या गुहेत शिरतो. तिथे प्रचंड वारा सुटतो, पण देव वाऱ्यात नसतो. मग भूकंप होतो. देव भूकंपातही नसतो. अग्नी येतो, त्यातही नसतो. शेवटी एक अगदी हलका, मंद स्वर येतो, आणि एलीया तोंडावर झगा ओढून गुहेच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. मौनाच्या पक्षाचा हा आवडता उतारा. वसईत मी तो कितीदा ऐकला होता. किल्लारीत मात्र मी भूकंपाच्या ओळीशी थांबलो आणि पुढे गेलोच नाही. गावात तेव्हा नाना बोलणी होती. देवाचा कोप झाला, अमक्याचे पाप भोवले. ज्याचे लेकरू ढिगाऱ्यात गेले त्याच्या कानावरही ती जात. देव भूकंपात नव्हता, ही ओळ त्या रात्री मला प्रार्थनेची पद्धत शिकवणारी वाटली नाही. त्या बापासाठी लिहून ठेवलेली वाटली.

आमच्या रांगेत एक लिंगायत आजी होत्या. सून आणि दोन नातवंडे गेलेली. मुलगा वाचला, पण कंबरेत अधू. आजी पहाटे उठत, अंग धूत, गळ्यातल्या कापडात बांधलेले लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवीत आणि त्याच्याकडे पाहत बसत. ओठ हलत नसत. पूजा झाल्याखेरीज त्या पाण्याचा घोटही घेत नसत. एका पहाटे ही पूजा चालू असताना चांगलाच धक्का बसला. सारी रांग बाहेर धावली; आजीही धावल्या, मूठ घट्ट मिटून. बाहेर चिखलात उभ्या राहिल्या, धक्का थांबल्याची खात्री केली, मग तिथेच एक पोते ओढून बसल्या, मूठ उघडली आणि राहिलेली पूजा पुरी केली.

याच आजी त्यांच्या गावच्या भजनी मंडळात होत्या. मंडळातल्या किती राहिल्या होत्या ते मी विचारले नाही. १३ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते. आमच्या रांगेत कोणी फराळ केला नाही, फटाका तर नाहीच. दोन-तीन शेडपुढे पणत्या दिसल्या, त्याही रॉकेलच्या. त्या रात्री ढिगाऱ्यातून काढलेला, एका बाजूने चेपलेला टाळांचा जोड घेऊन आजी आणि आणखी तिघी बसल्या आणि त्यांनी मन्मथस्वामींचे अभंग म्हटले. टाळाचा नाद फुटका येत होता. बाहेर मात्र कोणी धावले नाही. हळूहळू माणसे येऊन बसली. केरळच्या सिस्टरही बसल्या, आणि ध्रुपद चार वेळा ऐकून पाचव्यांदा मोठ्याने म्हणू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी आजींना माझा प्रश्न घातला. सकाळची ती पूजा आणि रात्रीचा हा टाळ, यांतले मोठे कोणते? त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिले.

"ह्यात काय इचारायचं, लेकरा? सकाळी त्याच्यापाशी बसायचं, रातच्याला चौघींत बसायचं. एकटीला टाळ कशाला लागतोय? अन् चौघींत बसून डोळं मिटून कसं भागंल?"

एवढे बोलून त्यांनी विचारले, की घोंगड्या परत कधी यायच्या आहेत.

सिस्टरना मी हे सारे सांगितले, पत्राचेही सांगितले. त्या दवाखान्याच्या पेटीत बाटल्या लावीत होत्या. म्हणाल्या, "प्रार्थना कशी वाटली ते मला नको सांगू. प्रार्थना झाल्यावर दुसऱ्या दिवशी टँकरपाशी तू कसा असतोस, ते लिही. वही आहे ना तुझ्याकडे?" वही होती. रॉकेलच्या हिशेबाच्या मागल्या पानांवर मी लिहू लागलो. तारीख, झोप किती, कोणाशी कसे बोललो, आणि शेवटच्या रकान्यात, ती इच्छा आहे की नाही.

पुढे शिकताना कळले की ही युक्ती सिस्टरांची नव्हती. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडून इग्नेशियस लोयोला अंथरुणाला खिळला. पडल्यापडल्या तो कधी दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवी, कधी संतांसारखे जगण्याची. रंगवीत असताना दोन्ही सारखीच गोड वाटत. फरक नंतर पडे: पहिली स्वप्ने ओसरली की मन कोरडे होई, दुसरी ओसरली तरी समाधान मागे राही. एवढ्या निरीक्षणावर त्याने पारख करण्याचे सगळे शास्त्र उभे केले. साधना देणाऱ्याला त्याने बजावून ठेवले आहे, की साधक भरतीवर असेल तेव्हा त्याला घाईने व्रत घेऊ देऊ नका. आणि साधकाला बजावले आहे, की ओहोटीच्या वेळी आधीचा निश्चय बदलू नकोस. आम्ही समुद्राकाठची माणसे. हे आम्हाला समजावून सांगावे लागत नाही. होडी केव्हा लोटायची आणि केव्हा नांगरून ठेवायची, हे पाण्याच्या आवाजावरून कोणी ठरवीत नाही.

आणि हा इग्नेशियस काही रुक्ष माणूस नव्हता. मिस्साच्या वेळी त्याला इतके रडू येई, की त्या अश्रूंच्या नोंदी त्याच्या रोजनिशीत पानोपानी आहेत. आविलाच्या तेरेसेचेही तसेच. कार्मेलच्या मौनात राहणारी ही संतीण स्वतः समाधीच्या भरात हरपून जाई. पण एक भगिनी आठ आठ तास भान हरपून बसते असे कळले, तेव्हा तिने तिला उपास कमी करून पोटभर जेवायला आणि झोपायला लावले, की ती बरी झाली! देहभान हरपणे आणि बावळटपणा यांसाठी स्पॅनिशमध्ये एकमेकांशी यमक जुळणारे दोन शब्द आहेत. तेरेसेने त्यांच्यावर कोटी करून ठेवली आहे. आणि कार्मेलचे हे मौनव्रती आपला आदिपुरुष मानतात तो एलीयाला. गुहेत मंद स्वर ऐकणारा हा माणूस त्याआधीच्याच अध्यायात कार्मेल डोंगरावर गर्दीपुढे उभा राहून आकाशातून अग्नी मागतो. दोन्ही पक्षांनी त्याला अर्धा अर्धा वाटून घेतला आहे. तो मंद स्वर त्याला काय म्हणतो, हे मात्र दोघेही घाईघाईने वाचतात. तो विचारतो, तू इथे काय करतो आहेस? आणि त्याला परत कामावर धाडतो.

डिमेलोंचे 'साधना' हे १९७८ सालचे पुस्तक मी पुढे पूर्ण वाचले. श्वासापासून निघालेले ते पुस्तक शेवटी स्तुतीच्या प्रार्थनेपाशी येते, आणि ख्रिस्ताचे सान्निध्य आपल्याला सर्वांत अधिक जाणवले ते या स्तुतीत, असे तिथे हा मौनाचा गुरू लिहितो. हे आईला सांगितले तेव्हा तिने वडिलांकडे ज्या नजरेने पाहिले, ती सांगण्यासारखी नाही.

वहीचे काय झाले ते सांगायचे राहिले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी ती पाने चाळली. दोन महिन्यांत ज्याला गोड म्हणावी अशी प्रार्थना, टाळ्यांची वा मौनाची, दोन-चार दिवसही झाली नव्हती. झोप कमी, अंगावर खरूज, लोकांशी बोलणे कधी नीट, कधी तुसडे. आणि शेवटच्या रकान्यात बहुतेक दिवशी 'आहे'. काही दिवशी 'नाही'. सलग तीन दिवस 'नाही' असे एकदाच. तेव्हा मला ताप होता. ती इच्छा गटात पेटली होती, बाकावर थंड झाली होती. इथे तिला पेटवायलाही कोणी नव्हते आणि थंड करायला तर सारे किल्लारी होते. तरी ती होती. मी त्याच रात्री पत्र लिहिले.

घरी सांगितले तेव्हा आईने मोठ्याने देवाचे आभार मानले आणि मग मोठ्यानेच रडली. मी एकुलता. वडील काही बोलले नाहीत. विहिरीवर जाऊन पंप सुरू केला आणि केळीला पाणी सोडले. आदल्याच दिवशी सोडलेले होते. दोन वर्षांनी त्यांनी वाडी खंडाने दिली.

किल्लारीला मी त्यानंतर चार-पाच वेळा गेलो. नवे गाव जुन्यापासून दूर वसले आहे. जमिनीच्या मानाने कोणाला अडीचशे, कोणाला साडेचारशे, कोणाला साडेसातशे चौरस फुटांचे घर. रस्ते सरळ आणि रुंद आहेत. आजींना मुलाकडे अडीचशे फुटांतली एक खोली मिळाली होती. तिच्यात त्यांना एकांत मिळेना, म्हणून पहाटेची पूजा त्या दारातच करीत. टाळांचा तो चेपलेला जोड मात्र नंतर कोणी सोनाराकडून सरळ करून आणला, आणि त्याचा आवाज त्यांना पूर्वीसारखा वाटेना, अशी त्यांची तक्रार होती.

आता तरुण मुले-मुली माझ्याकडे पाचारणाचा प्रश्न घेऊन येतात. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा आला. गटात बसलो की देव बोलावतो, फादर, आणि एकटा बसलो की कोणीच बोलावीत नाही. कोणाचे खरे मानू? मी त्याला इग्नेशियस सांगितला, तेरेसा सांगितली. तो मान हलवीत राहिला. मग विचारले, रात्री जागायची सवय आहे का? एका वृद्धाश्रमात रात्रपाळीला माणूस हवा होता. तीन महिने जा, म्हटले, आणि वही ठेव. शनिवारी गटात जात जा, पहाटे बसतही जा. वहीत मात्र त्यांतले काही लिहू नकोस.

तो गेला आहे. परवा त्याचा फोन आला होता. रात्री दोन वाजता कोण कोण कशासाठी हाका मारते, तेच सांगत होता.